फोर्टातून नव्या विमानतळाला

मुंबईच्या एका भागाला फोर्ट म्हणतात. जुनी माणसे त्याला कोट म्हणत. फोर्ट म्हणजे किल्ला. पण आज तुम्ही तिथे किल्ला पाहायला गेलात, तर किल्ला काही दिसायचा नाही. इंग्रजांच्या वेळी शहराभोवती तट होता. बार्टल फ्रिअर नावाचे गव्हर्नर होते, त्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८६० नंतरच्या काही वर्षांत, तो तट पाडला. तट गेला, तरी लोक फोर्टच म्हणतात. जवळच चर्चगेट आहे. तिथे गेट नाही. बोरीबंदर आहे. तिथे आता बंदर नाही.

या बोरीबंदराहून १६ एप्रिल १८५३ रोजी आपल्या देशातली उतारूंची पहिली आगगाडी सुटली आणि ठाण्याला गेली. पुढे तिथे मोठे दगडी स्टेशन बांधले. त्याला व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणत. १९९६ साली त्याचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. एवढे लांब नाव घाईच्या माणसाला घेता येत नाही. म्हणून लोक सीएसएमटी म्हणतात. आजचा आपला प्रवास इथूनच सुरू होतो.

आमच्या वर्गात एक मावशी येतात. दिवसा त्या फोर्टातल्या एका कचेरीत झाडलोट करतात. संध्याकाळी पिशवीतून पाटी काढतात आणि पहिल्या रांगेत बसतात. वय साठीच्या जवळ. गेल्या वर्षी त्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. आता वर्तमानपत्रातले मोठे मथळे वाचतात. जोडाक्षर आले की मात्र अडतात आणि माझ्याकडे रागाने पाहतात. जणू ती जोडाक्षरे मीच केली आहेत!

एके दिवशी मावशींनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

“गुरुजी, हे तिकीट वाचून सांगा. माझी भाची बंगलोरला चालली. नर्स हाय ती. तिथं नोकरी लागली तिला. मना तिला पोचवायला जायचंय. एकटीनंच.”

“एकट्या का? बरोबर कोणी नाही?”

“मालक कामावर. भाची तिकडनं, तिच्या बापाच्या घरनं येणार. आदल्या रातीला जाऊन राहिले असते, पण रजा कोण देतो? सकाळची अर्धी रजा मिळाली. आजवर मी कवा एकटी अशी लांब गेले नाय. कोणाच्या तरी मागंमागं जायची. पाटी वाचता येत नव्हती ना!”

मग आम्ही त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवला. सगळ्या वर्गाने मिळून मावशींचे तिकीट वाचले. तोच हा धडा.

पहिली गोष्ट : कोणता विमानतळ? हे विचारायची पाळी पूर्वी येत नव्हती. मुंबईचा विमानतळ म्हटला की सहार, सांताक्रूझ. टॅक्सीवाल्याला नुसते “एअरपोर्ट” म्हटले की पुरे. आता तसे राहिले नाही. नवी मुंबईत, पनवेल आणि उलवे यांच्या मध्ये, दुसरा विमानतळ झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली. तेव्हा मुंबईच्या माणसाला आता दोन विमानतळ. एक पश्चिमेला, एक खाडीपलीकडे. आणि मध्ये सगळी मुंबई पसरलेली!

आमच्याच वर्गातल्या एका काकांची या दोन विमानतळांत फसगत झाली. त्यांना मुलाकडे जायचे होते. तिकीट मुलाने काढून मोबाइलवर पाठवले. काकांनी टॅक्सी केली आणि म्हणाले, “एअरपोर्ट.” टॅक्सीवाल्याने सवयीप्रमाणे सहारला नेले. दारावरच्या शिपायाने तिकीट पाहिले आणि म्हणाला, “बाबा, तुमचे विमान इथून नाही, नवी मुंबईहून आहे.” तोवर विमानाला दीड तास उरला होता. काकांनी दुसरी टॅक्सी केली. ती वाटेत गर्दीत अडकली. नव्या विमानतळावर पोहोचले तेव्हा सामान घेणारी खिडकी बंद झाली होती. तिकिटाचे पैसे गेले, दोन टॅक्सींचे गेले, आणि मुलगा तिकडे स्वागताला उभा. काका सांगतात, “मला कोणी फसवलं नाही. तिकिटावर लिहिलं होतं. मी वाचलं नाही.” खरे म्हणजे त्यांना ते वाचता येत नव्हते, कारण तो मजकूर इंग्रजीत होता.

म्हणून मी फळ्यावर इंग्रजीची थोडी अक्षरे काढली. विमानाच्या तिकिटावर प्रत्येक विमानतळाचे तीन अक्षरांचे लहान नाव असते. सहारच्या विमानतळाचे नाव बी-ओ-एम. हे बॉम्बे या जुन्या नावावरून पडले आहे. नव्या विमानतळाचे नाव एन-एम-आय. म्हणजे नवी मुंबई. आता इंग्रजी येत नसले तरी चित्र ओळखता येते. बी म्हणजे उभी काठी आणि तिला उजवीकडे दोन पोटे. ओ म्हणजे वाटोळे, आपल्या शून्यासारखे. एन म्हणजे दोन उभ्या काठ्या आणि त्यांच्यामध्ये एक तिरकी. आय ही नुसती एक उभी काठी. सगळे लक्षात ठेवायचे कारण नाही. पहिले अक्षर पाहा. त्याला दोन पोटे असली तर सहार. काठ्याच काठ्या असल्या तर नवी मुंबई.

मावशींनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला. “काठ्या हायत,” त्या म्हणाल्या.

मग वेळ पाहिली. तिकिटावर १३:१० असे लिहिले होते. मावशी म्हणाल्या, “गुरुजी, घड्याळात तेरा कुठं असतात?” प्रश्न बरोबर आहे. आपल्या घड्याळात बाराच आकडे. पण आगगाडी आणि विमान यांचा दिवस चोवीस तासांचा असतो. रात्री बारापासून मोजायला लागतात आणि थांबतच नाहीत. दुपारचा एक म्हणजे तेरा, दोन म्हणजे चौदा. बारापेक्षा मोठा आकडा दिसला की त्यातून बारा वजा करावे. तेरातून बारा गेले, राहिला एक. म्हणजे विमान दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. रात्री बारानंतरच्या विमानाला मात्र फार जपावे. ००:४० असे लिहिले असेल तर तारीख बदललेली असते. सोळा तारखेच्या ००:४० च्या विमानाला पंधरा तारखेच्या रात्रीच घरातून निघावे लागते. यात भल्याभल्या शिकलेल्या माणसांचीही चूक होते.

आता उलटे मोजू. देशातल्या देशात जायचे तर विमानाच्या दोन तास आधी विमानतळावर पोहोचावे. परदेशी जायचे तर तीन तास आधी. कारण देशातल्या विमानासाठीसुद्धा सामान घेणारी खिडकी साधारण तासभर आधीच बंद करतात. म्हणजे भाचीने अकरा वाजून दहाला दाराच्या आत गेले पाहिजे. मावशींना तिच्याशी अर्धा तास तरी बोलायचे होते. आणि ते दाराच्या बाहेरच बोलावे लागणार. ज्याच्यापाशी तिकीट नाही, त्याला दारावरचा शिपाई आत सोडत नाही. म्हणून मावशींनी दहा चाळीसला दारापाशी हवे. वर्गाने पाटीवर आकडे मांडले. स्टेशनापासून दारापर्यंत अर्धा तास धरला. म्हणजे दहा वाजून दहाला स्टेशन. त्याआधी गाडी बदलायची, तिथे गाड्या कमी, म्हणून तिथे एक तास धरला आणि दहा मिनिटे प्रवासाची. उरले नऊ. सीएसएमटीहून तिथवर एक तास दहा मिनिटे. म्हणजे सात पन्नासची गाडी. तिकिटाची रांग आणि फलाट शोधणे, यांना वीस मिनिटे. मावशींनी शेवटचा आकडा स्वतः लिहिला : ७:३०. त्याखाली दोन रेघा मारल्या.

“एक-दहाच्या विमानाला साडेसातला निघायचं?” मागून एकजण म्हणाला. “एवढ्यात माणूस बंगलोरला जाऊन परत येईल!”

हसण्यासारखेच आहे. पण असे का होते? फोर्टापासून हा विमानतळ सुमारे चाळीस किलोमीटर. त्यातही सरळ वाट नाही, कारण मध्ये दर्या आहे. भाऊच्या धक्क्यावर उभे राहून पूर्वेला पाहा. हवा स्वच्छ असली तर पाण्यापलीकडे डोंगर दिसतात. घारापुरीचे बेट दिसते. तो पलीकडचा किनारा म्हणजे उरण, न्हावा, उलवे. जवळच वाटतो. पण पाय पाण्यावर चालत नाहीत.

पूर्वी तिकडची माणसे मुंबईला पाण्यावरूनच येत. मीठ, भात, मासळी, भाजी होड्यांतून आणि मचव्यांतून येई. भाऊ अजिंक्य नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात मूळ धक्का बांधला, म्हणून तो भाऊचा धक्का. तिथून उरणजवळच्या मोरा बंदराला लाँच जाते. मोऱ्याला ओहोटीच्या वेळी गाळ उघडा पडतो, लाँच लागत नाही. म्हणून तिकडचा माणूस घड्याळाआधी भरती पाहायचा. जमिनीवरून यायचे तर ठाण्याला वळसा घालावा लागे. १९७३ साली वाशीला खाडीवर मोटारींचा पूल झाला. १९९२ साली त्याच खाडीवरून आगगाडी वाशीला आली आणि १९९८ साली पनवेलपर्यंत गेली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीपासून न्हावाशेव्यापर्यंत समुद्रावरून अटल सेतू खुला झाला. त्याची लांबी जवळजवळ २२ किलोमीटर, त्यांतले साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. त्याच दिवशी उरणच्या लोकलचेही उद्घाटन झाले.

तेव्हा आज फोर्टातून दोन वाटा आहेत. मोटारीची आणि आगगाडीची.

मोटारीची वाट सांगायला सोपी. फोर्टाहून पूर्वेच्या उंच रस्त्यावर चढायचे, त्याला फ्री-वे म्हणतात. शिवडीला अटल सेतू धरायचा आणि पलीकडे उलव्याच्या बाजूला उतरायचे. गर्दी नसली तर मोटार भराभर जाते. पण सेतूवर टोल आहे. खुला झाला तेव्हा मोटारीला एका खेपेचे २५० रुपये ठरले होते. टॅक्सीचे भाडे निराळे. सेतूवर रिक्षा चालत नाही, फटफटीही चालत नाही. चार माणसे आणि पुष्कळ सामान असेल, किंवा पहाटेचे विमान असेल, तर मोटार करावी असे माझे मत आहे. रात्री लोकल बंद असतात. अशा वेळी पैसे वाचवायला जाऊन विमान चुकवण्यात अर्थ नाही.

मावशींनी टॅक्सीचा हिशोब ऐकला आणि पाटी पुसली. “गाडीचं सांगा,” म्हणाल्या.

गाडी म्हणजे हार्बर मार्गाची लोकल. सीएसएमटीला ती एक आणि दोन नंबरच्या फलाटांवरून सुटते. पण फलाटावर आलेल्या पहिल्याच गाडीत चढू नये! हार्बरच्या गाड्या वडाळ्यापर्यंत एकाच रुळावरून जातात. वडाळ्याला फाटा फुटतो. काही गाड्या डावीकडे वांद्रे, अंधेरी, गोरेगावकडे वळतात. काही कुर्ल्यावरून वाशी, पनवेलकडे जातात. म्हणून वरची पाटी वाचायची. ‘पनवेल’ किंवा ‘बेलापूर’ असे असेल तरच चढायचे. ‘वाशी’ असेल तर ती वाशीलाच थांबते, पुढे दुसरी धरावी लागते. पाटीवरची नावे आळीपाळीने मराठी, हिंदी आणि इंग्रजीत येतात. इंग्रजी आले तर घाबरू नये. क्षणभर थांबावे, मराठी परत येते.

तिकीट थेट तरघरचे मागावे. विमानतळाच्या जवळचे स्टेशन तरघर. उरणच्या मार्गावर आहे. ते २०२५ च्या डिसेंबरात उतारूंसाठी उघडले. पनवेलच्या गाडीने बेलापूरला किंवा नेरूळला उतरायचे आणि तिथे उरणची गाडी धरायची. या मार्गावर गाड्या थोड्या, म्हणून तर आपण एक तास धरला. आणि रविवार असेल तर आदल्या दिवशी चौकशी करावी. रुळांच्या दुरुस्तीसाठी रविवारी हार्बरच्या गाड्या पुष्कळदा काही तास बंद ठेवतात. त्याला मेगाब्लॉक म्हणतात. घरातली पोरे मोबाइलवर पाहून सांगतात.

‘तरघर’ हा शब्द मी फळ्यावर लिहिला. त. र. घ. र. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. आपल्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यात असतात तसा शब्द. कमळ, गवत, तरघर. मी मावशींना म्हटले, “पाहा, किती सोपे आहे!”

मावशी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “गुरुजी, ते माझं माहेर.”

मला हे ठाऊक नव्हते.

नवी मुंबई कशी झाली हे इथे थोडे सांगितले पाहिजे. मुंबईची गर्दी हटावी म्हणून खाडीपलीकडे नवे शहर करायचे ठरले आणि त्यासाठी १९७० साली सिडको ही सरकारी कंपनी निघाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या. शेतकऱ्यांना मिळणारा मोबदला फार थोडा होता. त्याविरुद्ध दि. बा. पाटील उभे राहिले. ते उरण तालुक्यातल्या जासईचे. आमदार होते, खासदार होते, पण लोक त्यांना ‘दिबा’ म्हणत. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी मेले. पुढे ज्यांची जमीन गेली त्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचे ठरले. २०२१ साली तिकडच्या हजारो लोकांनी मागणी केली की नव्या विमानतळाला दिबांचे नाव द्या. २०२२ साली राज्याच्या विधिमंडळाने तसा ठरावही केला. अटल सेतूवरून जाणारी मोटार जासईच्या अंगावरूनच जाते.

विमानतळाला ११६० हेक्टर जागा लागली. विमानाला धावायला लांब, सपाट जमीन लागते. इथली एकच धावपट्टी ३७०० मीटर लांब आहे. आणि ही जमीन तर मुळीच सपाट नव्हती. एका बाजूला खाडीची दलदल, दुसऱ्या बाजूला उलव्याची टेकडी. ती सुमारे ९० मीटर उंच होती. सुरुंग लावून ती कापली. निघालेला दगड दलदलीत भरला. उलवे नदी मध्ये येत होती, तिचे पात्र वळवले. आणि दहा गावे उठवली. त्यांची नावे वाचा : उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवली वाडा, वरचे ओवळे. या वेळी साडेबावीस टक्के विकसित भूखंड द्यायचे ठरले आणि वडघर, वहाळ अशा ठिकाणी नवी वसाहत झाली. कोणाला भूखंडाचे चांगले पैसे आले. कोणी ते पैसे राखले, कोणी घालवले. मावशींचा भाऊ वहाळला राहतो. त्याचे पक्के घर आहे. पण माहेरवाशिणीला भूखंड मिळत नाही. तिचे माहेर फक्त उठते.

वर्गात कोणी काही बोलेना. मग मावशीच म्हणाल्या, “चला, पुढं सांगा. वेळ होतोय.”

पुढे सामानाचे सांगितले, थोडक्यात. तिकिटावर जे नाव आहे तेच ओळखपत्रावर हवे. एक अक्षर इकडचे तिकडे नको. चाकू, कात्री, अडकित्ता हातातल्या पिशवीत चालत नाही. तो मोठ्या पेटीत ठेवावा. काडेपेटी कुठेच चालत नाही. मोबाइलला वीज देणारी पॉवर बँक मात्र मोठ्या पेटीत ठेवू नये, हातातच ठेवावी. मावशींनी भाचीसाठी सुकी मासळी, तांदळाचे पीठ आणि दोन सुकी खोबरी बांधली होती. खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेते, म्हणून बहुतेक विमानकंपन्या सुके खोबरे घेत नाहीत. मावशींनी खोबरे काढून मला दिले. मासळीचे त्यांनी काही विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. घट्ट बांधली असली म्हणजे झाले.

ठरलेल्या दिवशी मावशी निघाल्या. पुढचे त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले, ते असे.

सात पंचवीसला त्या सीएसएमटीला पोहोचल्या. एक नंबरवर गाडी उभी होती, माणसे धावत होती. त्यांचेही पाय धावायला लागले. पण त्या थांबल्या आणि वर पाहिले. पाटीवर चार अक्षरांचे लांब नाव होते. गोरेगाव. ती गाडी सोडली. पुढची पनवेलची मिळाली, बसायला जागाही मिळाली. सकाळची गर्दी मुंबईकडे येणारी असते, आपण उलट चाललेलो. मग त्या खिडकीतून एकेक स्टेशन वाचत गेल्या. मस्जिद. सँडहर्स्ट रोड येईना, ते सोडून दिले. डॉकयार्ड रोडही सोडले. शिवडी वाचले. चुनाभट्टी वाचले. चेंबूर वाचले. शेजारच्या बाईने विचारले, “मावशी, स्टेशन चुकेल म्हणून भीती वाटते का?” मावशी म्हणाल्या, “भीती नाय. वाचते.” मानखुर्दनंतर खाडी आली. ओहोटी होती. गाळात गुलाबी-पांढरे पक्षी उभे होते.

बेलापूरला उतरल्या. पाटीवर ‘उरण’ दिसायला पाऊण तास लागला. उ, र, ण. हाही पहिल्याच धड्यातला शब्द. गाडीत बसल्या आणि बसल्यापासून दाराशीच उभ्या राहिल्या, म्हणजे उतरायला उशीर नको.

“पाटी आली,” मावशी म्हणाल्या. “मोठी, पिवळी. मराठीत एकदा, हिंदीत एकदा, दोन्हीकडं तेच. तरघर. मी जोरात वाचलं. एक पोरगा हसला. हसू दे.”

“मग?”

“मग काय! उतरले. इकडंतिकडं पायलं. आमचं घर कुठल्या बाजूला व्हतं ते काय समजेना. टेकडी नाय ना! टेकडी असती तर समजलं असतं.”

स्टेशनाबाहेर दोघी बायका विमानतळावर कामाला चालल्या होत्या. तिघींनी मिळून एक टॅक्सी केली. साडेदहाला मावशी दारापाशी होत्या. दारावर ‘निर्गमन’ असे लिहिले होते. आमच्या वर्गात हा शब्द आदल्या दिवशी झाला होता, म्हणून जोडाक्षर असूनही त्यांना वाचता आला. निर्गमन म्हणजे जाणे, आगमन म्हणजे येणे. पोचवायला जाल तर निर्गमन, आणायला जाल तर आगमन. भाची भावाबरोबर आली. अर्धा तास बोलणे झाले. अकरा वाजता ती आत गेली. काचेतून थोडा वेळ दिसत होती, मग दिसेनाशी झाली. भाऊ मावशींना “घरी चल” म्हणत होता. पण रजा अर्ध्या दिवसाची. त्या तशाच उलट्या वाटेने परत आल्या आणि दोन वाजता कचेरीत हजर झाल्या.

परवा वर्ग सुटताना मावशी पुन्हा मोबाइल घेऊन आल्या. भाची गणपतीला येणार आहे. तिने येण्याचे तिकीट पाठवले होते. मी वाचून सांगणार तोच त्यांनी हात पुढे करून मला थांबवले. मोबाइल दिव्याखाली धरला आणि बराच वेळ पाहिला.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “ह्या खेपेला तं दोन पोटं हायत.”

म्हणजे सहारला जायचे. त्याची वाट निराळी. वर्गाने पाट्या काढल्या.